अहिराणीवाली सिस्टर

मॅडम, तुम्ही गेलात तेव्हा मी अजून नर्सिंग कॉलेजात होते, आणि मोठी साथ यायला बराच अवकाश होता. त्यामुळे पुढचं तुम्हाला काहीच माहीत नाही. हल्ली आमच्या वॉर्डात नव्या मुली येतात शिकायला. परवा त्यातली एक साक्रीकडच्या एका म्हाताऱ्या बाईला विचारत होती, "आजी, आपणास काही त्रास होत आहे का?" आजी भिंतीकडे बघत पडलेली. मुलगी आमच्याच बाजूची, तिच्या घरी अहिराणीच बोलत असणार. मी तिला बाजूला घेऊन दोन शब्द सांगायला हवे होते. तुम्ही मला सांगितले होते तेच. मी सलाईनची बाटली बदलली आणि पुढच्या खाटेकडे गेले.

तुम्ही मला रागावलात तो दिवस अजून जसाच्या तसा आठवतो. मीही तेव्हा असंच पुस्तकातून काढल्यासारखं बोलायचे. धरणगावजवळच्या खेड्यातून आलेली, घरात पहिल्यांदाच कुणी कॉलेजात गेलेलं. हॉस्टेलात तोंडातून चुकून 'आहे'च्या जागी 'शे' निघालं की मुली हसायच्या, म्हणून मी शब्द न् शब्द तपासून बोलायला शिकले होते. तुम्ही मला ड्रेसिंगच्या खोलीत बोलावता. दार लोटता. "घरी काय बोलतेस?" मी खाली बघत म्हणते, "अहिराणी." "मग ती काय गेटवर ठेवून आलीस? वॉर्डातली ती म्हातारी बाई तीन दिवस गोळ्या उशीखाली ठेवतेय, आणि आपल्यापैकी एकीला कारण कळलेलं नाही. मी नागपूरकडची. मला तिची भाषा येत नाही, म्हणून इथे मी निम्मीच नर्स आहे. तुला येते आणि तू लपवतेस." मी रडवेली होऊन बाहेर आले आणि त्या आजीजवळ बसून म्हटलं, "काय दुखी राहिनं व माय?" तिने माझं मनगट धरलं ते सोडलंच नाही. तिचे उपास चालू होते आणि उपाशीपोटी गोळी घेतली तर आतडं जळतं, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. एवढंच. संध्याकाळी तुम्ही मला तुमच्या डब्यातली पोळी दिलीत आणि म्हणालात, आपल्या बोलीत कुणी बोललं की माणसाची निम्मी भीती जाते. मला तेव्हा वाटलं, हे मी जन्मभर पाळीन. अजूनही ते खोटं होतं असं मला म्हणता येत नाही. म्हणून तर लिहायला बसले आहे.

साथ आली तेव्हा मी धुळ्याला नोकरीला नवीनच लागले होते. नातेवाइकांना आत सोडत नव्हते. ते गेटबाहेर लिंबाखाली बसलेले असायचे, नाहीतर गावाकडे फोन हातात धरून. वॉर्डात त्यांच्याशी बोलायला एक मोबाईल ठेवला होता, आणि खेड्यातल्या लोकांशी कोण बोलणार म्हटल्यावर सगळे माझ्याकडे बघायचे. मी आनंदाने घेतला, मॅडम. तुमचीच आठवण झाली. सुरुवातीला किती छान होतं ते. कुणी वरण-भात खाल्ला, कुणी उठून बसलं, कुणाची चहावरून कुरकुर चालू आहे, सगळं सांगायचे. पलीकडून लोक हसायचे. "अहिराणीवाली सिस्टरले फोन द्या," असं नाव घेऊन मागायचे. मग बातम्या बदलल्या. डॉक्टर 'पेशंट एक्स्पायर झाला' म्हणत, आणि पलीकडचा माणूस विचारी, "मंग आते कसा शेत?" म्हणजे, मग आता कसे आहेत. शेवटी फोन माझ्याकडे यायचा.

सोनगीरच्या एका बाईंचं सांगते. रोज सकाळी फोन करायच्या, सासऱ्यांसाठी. त्या दिवशी मी म्हटलं, "अक्का, आबा गयात." त्यांच्या मागे कोंबडी ओरडत होती. मग त्यांनी विचारलं, "जेवेल व्हतात का?" मी म्हटलं, सकाळी दोन घास खाल्ले होते. ते खरं होतं. त्या म्हणाल्या, "बरं झायं." आणि मग अगदी नेहमीच्या आवाजात, "तू जेवनी का, बेटा?" मी हो म्हटलं की नाही, ते मला आठवत नाही. असे फोन पुष्कळ झाले, याहून वाईटही झाले. पण हाच मनात का राहिला, कळत नाही.

नंतर सगळं ओसरलं. गावात आमचा सत्कार झाला, शाल, नारळ, फुलं. मी चार वाक्यं बोलले ती शुद्ध मराठीत. तेव्हा मला वाटलं, स्टेज आहे म्हणून. घरी आले, आईने पाणी दिलं आणि विचारलं, "जेवनी का?" आणि मी म्हटलं, "हो, जेवले मी. तू बस ना." तेव्हापासून हे असंच आहे. मला सगळं समजतं. शब्द मनात तयार असतात. पण तोंड उघडलं की मराठीच बाहेर येते, तीही वॉर्डातली. भाऊ म्हणाला, "साहेबीण बाई उन्यात, खुर्ची आना रे." शेजारच्या काकू म्हणाल्या, शिकीसन मोठी व्हयी गयी, आते आपली बोली कडू लागस तिले. आई आधी हसली. मग एकदा भांडी घासता घासता वर न बघता म्हणाली, "मन्हासंगे अशी काब्रं बोलस? मी काय हापिस शे का?"

हॉस्पिटलात आमच्यासाठी मानसिक ताणावर कार्यक्रम झाला. डोळे मिटून श्वास मोजायला लावले, शेवटी समोसा आणि चहा. ज्यांना बोलायचं आहे त्यांनी हात वर करा म्हणाले. माझ्या शेजारी बसलेली सिस्टर अजून मोबाईलची रिंग चालू ठेवत नाही, आमचे एक ब्रदर हात धुऊन धुऊन कातडं काढतात. त्यांनीही हात वर केला नाही. मी काय सांगणार होते? सर, मला माझी बोली बोलता येत नाही? मला ताप आला नाही, घरातलं कुणी गेलं नाही. नंतर मानसोपचार विभागातल्या डॉक्टरांना एकदा भेटले. त्यांनी झोपेचं विचारलं, जेवणाचं विचारलं. दोन्ही ठीक आहे म्हटल्यावर ते म्हणाले, "मग चांगलं आहे की." त्यांचं काही चुकलं नाही.

मला कळत नाही ते हे की, हा आजार आहे का. कधी वाटतं आहे. कधी वाटतं, लोक म्हणतात तेच खरं. हॉस्टेलातली ती जुनी लाज परत आली आहे आणि तिला या वेळी एक चांगलं कारण सापडलं आहे. तुम्ही असता तर दार लोटून विचारलं असतंत, आणि मला उत्तर द्यावंच लागलं असतं. निम्मी भीती जाते म्हणालात, पण ती जाते कुठे, ते विचारायचं तेव्हा सुचलं नाही.

या हिवाळ्यात घरी गेले होते. आई अंगणात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजत होती. धुराने डोळे चोळत माझ्याकडे वळली आणि एकेक शब्द ठेवत म्हणाली, "तू उद्या केव्हा निघणार आहे?" मला वाटलं थट्टा करतेय. ताटात भरीत वाढलं. "तिखट झालं आहे का?" भावाने हसू दाबलं तर ती त्याच्यावर खेकसली, "हसू नको रे. तिले बरं वाटस." मग परत माझ्याकडे वळून, "टीव्हीवर ऐकते मी. येते मला आता. थोडी थोडी येते."

तिच्या मराठीत मोजकीच वाक्यं आहेत, मॅडम. निघणार केव्हा, भाजी कशी झाली, थंडी आहे का. गल्लीत कुणाचं कुणाशी वाजलं, मामा काय बोलला, तिच्या गुडघ्यात नेमकं कसं दुखतं, हे तिला त्या भाषेत सांगता येत नाही. म्हणून ती सांगत नाही. वाक्यं संपली की माझ्याकडे बघून हसते.

तुमची मुलगी पुण्याला असते म्हणे, कॉलेजात पत्ता मिळेल. पण तिने हे वाचून काय करायचं? हे पाठवणार नाही. खरं म्हणजे तुम्हालाही एवढंच सांगायचं होतं. त्या दिवशी मी आईला थांबवायला हवं होतं. म्हणायला हवं होतं, माय, तू तुझ्यासारखीच बोल. मी म्हटलं नाही. तिने 'आहे' म्हटलं आणि माझ्या खांद्यांवरचं काहीतरी उतरलं. मी आणखी एक भाकरी मागून घेतली.