ज्याने हाक दिली नाही

३ जानेवारी, शनिवार

आज सामान लावून झालं. दोन खोल्या, लाकडी पडवी, मागे ओढा, आणि खिडकीतून थेट शाळेचं लाल छप्पर दिसतं. सोमवारपासून पाचवीचा वर्ग माझा! आमच्या घरात दहावीपुढे कुणी गेलं नव्हतं. बाबांनी माझी पदवी चौकटीत घालून भिंतीवर लावली आहे आणि रोज तिच्यावरची धूळ पुसतात, धूळ असो वा नसो. या खोऱ्यातल्या एका तरी पोराच्या घरी तशी चौकट लागलेली मला बघायची आहे.

घरमालकीण ऑर्फामावशी खाली चर्चजवळ बहिणीकडे राहतात. नवरा एस्टिल गेल्यापासून त्या इथे एकदाही झोपल्या नाहीत. किल्लीबरोबर त्यांनी मक्याचा गरम पाव आणि पातेलंभर बीन्स दिले, आणि पलंगाशेजारच्या खणातलं पिस्तूल दाखवलं. मला नको, असं मी सांगितलं.

"घराबरोबरच आहे ते, पोरी," त्या म्हणाल्या. "चुलीसारखं."

पुढच्या दाराला छातीच्या उंचीवर लाकडाचं गोल ठिगळ आहे. कुणीतरी फार नेटकं बसवलंय.

४ जानेवारी, रविवार

मावशींचा पुतण्या व्हर्लिन त्यांना घेऊन आला, गाडीत माझ्यासाठी लाकडं. मी पडवीतच उभी होते, तरी फाटकापाशी थांबून त्याने "ओ घरवाले!" अशी हाक दिली, आणि मी या म्हणेपर्यंत पाऊल उचललं नाही. आमच्या डोंगरातही हेच. हाक दिल्याशिवाय कुणाची पायरी चढायची नाही. माहेरी आल्यासारखं वाटलं.

मग पिस्तुलावरून काकू-पुतण्याची जुंपली. त्याला अंधारात आपोआप चमकणारे तीन हिरवे ठिपके आहेत, धरणाऱ्याच्या बाजूला दोन, टोकाला एक. तिन्ही एका ओळीत आले की नेम बसला. व्हर्लिनच्या मते सगळा फुकट खर्च. ठिपके दिसतात, चोर कुठे दिसतो? त्यापेक्षा चांगला टॉर्च घ्यावा. मावशींचं म्हणणं, टॉर्च लावला की आधी चोरालाच आपण दिसतो. ठिपके फक्त मागून दिसतात. समोरच्याला पत्ता लागत नाही.

मी व्हर्लिनची बाजू घेतली. आधी माणूस ओळखावा, नेम त्यानंतर.

"मास्तरीणबाई आल्यात," व्हर्लिन म्हणाला. "आता चोरांची हजेरी घेणार."

आम्ही दोघं हसलो. मावशी हसल्या नाहीत.

८ जानेवारी, गुरुवार

वर्ग गोड आहे. एका मुलीने विचारलं, कॉलेजात डोंगरातल्यांना हसतात का. मी खरं सांगितलं: हसतात, आणि मग आपल्याच वह्या मागतात.

घरी आले तर पिस्तूल स्वयंपाकघरातल्या टेबलावर, नळी दाराकडे. मीच काढून विसरले असेन. गोळ्या काढून वेगळ्या डब्यात ठेवल्या.

बाबांचं पत्र आलं. पुढच्या शनिवारी, सतरा तारखेला, आईने शिवलेली गोधडी घेऊन येतायत. बाबांचे कान खाणीतल्या यंत्रांनी नेले आणि आवाज घशाच्या ऑपरेशनने. घरी आम्ही चिठ्ठ्यांवर बोलतो. लिहिलंय, खाणीतला जुना दिवा कपाळाला लावून येईन, मास्तरीणबाईंनी रस्त्यात अस्वल समजू नये.

११ जानेवारी, रविवार

दिवेलागणीला स्वयंपाकघरात शिरले आणि अंधारात तीन ठिपके दिसले. टेबलावर नव्हते. माझ्या डोळ्यांच्या उंचीवर, एका ओळीत, दाराकडे रोखलेले. दिवा लावला. पिस्तूल टेबलावर होतं.

गोळ्या आत होत्या. डबा रिकामा.

१२ जानेवारी

शाळा सुटल्यावर मावशींकडे गेले. घेवडा निवडता निवडता त्यांनी सगळं सांगितलं. एस्टिल थट्टेखोर होता. शिकारीहून अंधारात परतला, मुद्दाम हाक दिली नाही. त्यांनी तीनदा विचारलं, कोण आहे. तो बाहेर हसू दाबत उभा असणार.

"ठिपके सरळ दिसत होते," त्या म्हणाल्या. "माणूस दिसला नाही."

ठिगळ त्यांनीच बसवलंय. मी विचारलं, मग पिस्तूल ठेवलं कशाला. त्या म्हणाल्या, ठेवलं नाही. राहिलं.

१३ जानेवारी

पहाटे मी चुलीपाशी होते. आवाज झाला. कान अजून वाजतायत.

पडवीत कोल्हा मरून पडलाय. दाराला नवं भोक, गुडघ्याच्या उंचीवर. खोलीत मी एकटी होते, आणि पिस्तूल माझ्या हातात नव्हतं.

व्हर्लिन हाक देऊन आला. त्याला काही होत नाही. जो हाक देतो त्याला काही होत नाही.

बाबा हाक देऊ शकत नाहीत.

१४ जानेवारी

व्हर्लिनने ते माझ्यासमोर नदीत फेकलं. संध्याकाळी टेबलावर. ओलं.

१५ जानेवारी

सगळीकडे बर्फ. वीज गेली, फोन मेला. बाबांना निरोप नाही. व्हर्लिन पुलापलीकडे अडकलाय.

घर सोडून जाता येईल. पण मग बाबा रिकाम्या घराची पायरी चढतील—

शनिवारी उजाडायच्या आत फाटकाबाहेर उभी राहीन. त्यांना आत येऊच देणार नाही.

१६ जानेवारी

मेणबत्ती संपली. चुलीतल्या निखाऱ्यांच्या उजेडात लिहितेय. आजची रात्र काढायची, बस—

खिडकीत उजेड. पांढरा, चालताना डुलतो तसा डुलणारा. फाटकाच्या आत आहे.

उद्या यायचे होते. बर्फ बघून आधीच निघाले असतील—

ओरडतेय. त्यांना ऐकू जात नाही. कधीच जात नाही.

ठिपके उठले टेबलावरून.

सांगितलं मी. बाबा आहेत माझे. मुके आहेत. दिवा बघ त्यांचा. ठिपके हलत नाहीत. झडप घातली, पिस्तूल भिंतीत रोवल्यासारखं घट्ट—

दार उघडलं तर नेमासमोर तेच. चिठ्ठी. त्यांना चिठ्ठीच कळेल. हे पान फाडून दाराखालून—

बाबा मागे फिरा. पायरी चढू नका. दारासमोर उभे राहू नका. कारण नंतर सांगते. तुमची लोवेना

पायरी वाजली

दाराला टेकून लिहितेय. दाराखालून त्यांच्या दिव्याचा उजेड माझ्या पायांवर आलाय. मागे वळून खोलीत बघितलं. ठिपके गेले. कुठेच नाहीत—

नाही. समोरून ते दिसत नाहीत. म्हणजे आता मी