कुंडातली मंडळी

४ मे
साहेबांना गाणं म्हणायला लावलं मावशीनं! हसून हसून बरगड्या दुखताहेत.

हॅमिशसाहेब प्रयोगशाळेत माझे वरिष्ठ. आमच्या या गरम झऱ्यांच्या रोटोरुआ गावात येऊन दोनच महिने झालेत, अजून गंधकाच्या वासानं नाक मुरडतात. वाइकुरा मावशीच्या दारातल्या कढत कुंडातले जंतू हवेत त्यांना. मी आधीच बजावलं होतं — आमच्यात दुसऱ्याच्या दारात काही मागायचं तर आधी बोलायचं, मग गायचं. घरच्यांनी उत्तरादाखल उलट गायलं की मगच आत पाऊल. गडी बोलला छान. गायची वेळ आली आणि एकही गाणं आठवेना! शेवटी काय, तर वाढदिवसाचं गाणं. तेही बेसूर.

"कुणाचा वाढदिवस रे बाबा?" — मावशी.
"अं... जंतूंचा!"

मावशीनं चष्मा काढून डोळे पुसले, इतकी हसली. एक बाटली पाणी दिलं. पण अट घातलीच — "काम झालं की इथेच आणून सोडायची. माझी मंडळी परक्याच्या घरी राहत नाहीत." साहेबांनी शब्द दिला. म्हणजे मीही दिला.

१७ मे
मंडळी गरम कपाटात मजेत वाढताहेत, पंचाहत्तर अंशांवर. मावशीचा रोज फोन — "जेवली का मंडळी?" मी म्हणते, जेवली, झोपलीसुद्धा.

२६ मे
डोकं फिरलंय! मंडळींमधून काढलेलं एन्झाइम साहेबांनी करपलेल्या दुधाच्या पत्र्यावर घातलं — खरवड सोडवतं का बघायला. पण कसं? बर्फातून काढून थेट गार टेबलावर! ते ढिम्म. "मेलंय," म्हणाले. मी म्हटलं, तापवून बघू या. तर मलाच शिकवतात — "उकडलेलं अंडं पुन्हा पातळ होतं का, हुहाना?" जन्मभर थंड समुद्रातले जंतू पाळलेत या माणसानं! चुलीत जन्मलेल्याला बर्फात बसवायचं, आणि वर म्हणायचं, आळशी आहे!

शुक्रवारी डेअरीची माणसं येणार. त्यांच्या पाइपांतली खरवड यानं निघत नसेल तर काम बंद. आणि काम बंद म्हणजे नियमानं बाटल्यांतलं सगळं मारून टाकायचं. मावशीला काय तोंड दाखवू? — थांबा, बघतेच.

२७ मे
मावशीच्या मक्याच्या पिशवीत गुपचूप दोन बरण्या सरकवल्या, झाकणं घट्ट लावून. दोन्हींत करपट पत्रा. एकीत साधं पाणी, दुसरीत एन्झाइम. पिशवी नेहमीसारखी शिजायला कुंडात.

"माझ्या मक्यात काय घुसडलंस गं?"
"तुझीच मंडळी. माहेरपणाला आलीत!"

मका शिजला. बरण्या उघडल्या. पाण्यातला पत्रा तसाच काळा. आणि दुसरा — लख्ख! तोंड बघून घ्यावं असा! अंगणात नाचलेच मी. मावशी शेजारणीला सांगत होती, आमची पोरगी वाया गेली.

साहेबांना फोटो धाडला. लगेच विचारलं — कोणत्या उपकरणात?
मी — मक्याच्या पिशवीत.
साहेब — मका उरलाय का?

३० मे
डेअरीवाले खूश! कढत पाइपांत हे टिकतं, धुवायच्या सोड्याचा मारा कमी होईल, म्हणाले. साहेब गंभीर चेहऱ्यानं — "स्थानिक उष्णजल पद्धतीनं तपासलं आहे." मला खोकल्याचं नाटक करून बाहेर पळावं लागलं.

मावशी मात्र सोडते कसली! "झालं ना काम? आता आणा माझी मंडळी." साहेब आणखी थोडे दिवस मागताहेत. "गरज सरो, वैद्य मरो होय रे?" म्हणाली. साहेब कानापर्यंत लाल. तरी दिले थोडे दिवस.

११ जून
मावशी कुरकुरतेय — हल्ली मका शिजायला फार वेळ लागतो. मी म्हटलं, मकाच जून असेल.

२ जुलै
कुंड गार पडलं.

हात घातला तरी भाजत नाही. जमिनीखाली काय सरकलं कोण जाणे. म्हातारी माणसं म्हणतात, येईल परत, त्यांच्या आजीच्या वेळीही असंच गेलं होतं. मावशी दिवसभर काठावर बसून होती. जेवली नाही. मंडळींचं एकदाही विचारलं नाही तिनं. मला फार रडू आलं.

५ जुलै
आज मावशी प्रयोगशाळेच्या दाराशी. काळा पोशाख, ठेवणीतला. मी म्हटलं, ये ना आत! जागची हलली नाही. तिथेच उभी राहून बोलली — घर तापेपर्यंत यांना ठेवून घ्या. मग गायली.

आता घरचे आम्ही; उलट गायला हवं होतं. मी तोंड उघडणार तोच मागून साहेबांनी सुरू केलं — तेच वाढदिवसाचं. तसंच बेसूर.

तेव्हा ती आत आली. मंडळींच्या कपाटावर तळवा टेकवून उभी राहिली.

"गरम आहेत गं अजून!"