तोरणाखालची आन्के

प्रिय आन्के,

अगं-तुगंच करणार आहे. सवतीला कुणी अहो-जाहो करत नाही. आणि लिहिणार मराठीतच, म्हणजे आपल्या योर्नच्या हाती कागद लागला तरी चिंता नाही. तुला तिकडे कुणीतरी मराठी माणूस वाचून दाखवेलच. आम्ही सगळीकडे असतो.

आजच का लिहितेय? तुम्ही दोघांनी घातलेलं छप्पर आज उतरवायला घेतलंय. पश्चिमेकडून पार शेवाळलं होतं. सकाळी माणसं आली, परांची बांधताना त्यांनी मोठ्या दारावरचं माझं तोरण काढून हातात दिलं, आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

पहिल्यापासून सांगते. दक्षिण जर्मनीतल्या नेकारसुल्मच्या कारखान्यातली नोकरी सोडून मी उत्तरेच्या या माळरानावरच्या गावात आले, तेव्हा लोक बायकोला घर दाखवतात तसं योर्ननं मला घर दाखवलं. म्हणजे घराच्या नावाखाली तुझीच ओळख करून दिली! चाऱ्याची गाडी घोड्यांसकट आत शिरेल एवढं दार. आत लांबच लांब दालन, दोन्ही बाजूंना पूर्वी गाई बांधायचे ती जागा, पार टोकाला उघडी चूल. धुराडं नाहीच. धूर वर चढून छपराच्या गवतातूनच वाट काढायचा, म्हणून गवताला कीड लागायची नाही. मी आ वासून पाहत होते.

"जुन्या काळी घरधनीण चुलीपाशी बसली की तिला तिथूनच गाई, गडी, दार, सगळं दिसायचं," योर्न म्हणाला. "आन्के तिथेच बसायची."

झालं! तो बाहेर गेल्यावर मी तिथे खुर्ची टाकून बसून पाहिलं. सगळं दिसतं, खरं आहे. पण दिसतं ते सगळं तूच मांडलेलं. पडक्या घरातला कुठला खांब तू वाचवलास, कुठल्या वाशासाठी सुताराशी भांडलीस, सगळं मला तोंडपाठ झालंय. भिंतीच्या मातीत एका जागी तुझ्या हाताचा ठसासुद्धा आहे. त्यावर माझा हात ठेवून पाहिला. तुझी बोटं लांब. असणारच!

माझ्या आईला व्हिडिओवर घर दाखवलं तर तिनं कपाळावर हात मारून घेतला. "एवढी इंजिनियर झालीस आणि गवताच्या घरात राहायला गेलीस? आपण चिपळूणला शाकारणी सोडून कौलं घातली त्याला किती वर्षं झाली! जावईबापूंना म्हणावं, आधी कौलं घालून घ्या."

आणि मी तुझी बाजू घेऊन भांडले बघ तिच्याशी. तुझी! हे साधं गवत नाही, रीट आहे, पाणथळीतल्या लांब काड्यांचं. थंडीत ऊब धरतं, उन्हाळ्यात गार ठेवतं, असं सगळं तिला पटवलं. फोन ठेवल्यावर स्वतःचाच राग आला.

योर्न सांगतो, या घराचं सगळं वजन आतल्या खांबांच्या दोन रांगांवर आहे. बाहेरच्या भिंती काढल्या तरी छप्पर जागचं हलणार नाही. गावात अजून याला 'आन्केचं घर' म्हणतात. ते ऐकलं की मला वाटतं, मी त्या बाहेरच्या भिंतींपैकीच एक.

पण ते दार! आमच्याकडे दारावरच्या गणेशपट्टीवर गणपती बसतो. तुमच्याकडे तुळईवर नवरा-बायकोची नावं कोरतात, ज्यांनी घर बांधलं किंवा छप्पर नवं केलं त्यांची. आन्के आणि योर्न. छान निळ्या रंगात. कामावरून दमून यायचं आणि रोज तुझ्या नावाखालून घरात शिरायचं. कुणाला सोसेल गं?

पहिल्याच दसऱ्याला मी तोरण बांधलं. कापडी, भरतकामाचं, चांगलं रुंद. बरोब्बर तुझ्या नावावर. योर्नचं मोकळं ठेवलं. विटलं की पुण्याहून नवं आणायचे. दुकानदार विचारायचा, "ताई, दाराची रुंदी किती?" मी तुझ्या नावाची लांबी सांगायचे.

आज तोरण निघालं आणि आम्ही दोघं खाली उभे राहून वर बघतच राहिलो. तिथे पावसाला आडोसा आहे, पण संध्याकाळचं ऊन थेट येतं. योर्नचं नाव पार विरून गेलंय, निळा होता की राखाडी तेही कळत नाही. आणि तुझं? काल रंगवल्यासारखं टवटवीत!

योर्नचे डोळे भरून आले. "म्हणजे वसू, किती जपलंस तू तिला! तुमच्याकडे गेलेल्या माणसाच्या फोटोला हार घालतात ना? मला पहिल्या दिवसापासून वाटायचं, तू तसंच तिच्या मानासाठी बांधतेस."

"गेनाऊ," म्हटलं, "अगदी तसंच."

मग म्हणाला, "हे छप्पर आपलं. उद्या सुतार येतोय. तुझं नाव कोरायला आन्केच्या शेजारी जागा आहे, चालेल?" ज्या प्रश्नाची मी इतकी वर्षं वाट पाहिली, त्यातसुद्धा तू!

खरं सांगू? घराचा हेवा वाटतोच, पण त्याहून मोठा पोटशूळ आहे तू गेलीस त्या तुझ्या बेचाळिशीचा. योर्नला वाकता येत नाही, माझे गुडघे कुरकुरतात, छपराला शेवाळ धरलं, आणि तू आहेस तिथेच. त्याच्या आठवणीत तू शिडीवर उभी, केस वर बांधलेले, हसणारी. मी त्याला रोज सकाळी दिसते, चष्मा शोधताना. आणि मी खुळी, दरवेळी पुण्याहून कापड आणून तुझ्यावरच सावली धरत होते!

तर ऐक आता. तुझ्या शेजारीच माझं नाव कोरून घेतेय. घर तू उभं केलंस, तुझं नाव कुणाला पुसू देणार नाही, हा माझा शब्द. दसऱ्याला नवं तोरणही बांधीन, पण या खेपेला योर्नच्या नावावर. सावलीची गरज आता त्याला आहे. आपण दोघी राहू उन्हात. माझा रंग उडेल तसा तुझाही उडू दे. एकटीनंच तरुण राहायचं, असं आता चालायचं नाही, आन्के.

तुझी सवत,
वसुधा