कापलेलं परत मागताना

माय, आज माझ्या खात्यात सरकारकडून पैसे आले. व्यापाऱ्यांनी माझ्या मेहनतान्यातून जो टॅक्स कापून भरला होता, तो मला लागत होता त्याहून जास्त निघाला, म्हणून जास्तीचा परत मिळाला. तू असतीस तर आधी पासबुक नीट पाहिलं असतंस आणि मग माझ्याकडे, की ह्या पोरीनं कुठे अंगठा उठवून दिलाय. कापलेला पैसा परत येतो हे तुला पटलंच नसतं. मला तरी कुठे पटत होतं?

मी साड्यांच्या प्रिंटची डिझाइनं काढते, कॉम्प्युटरवर. नोकरी नाही, मार्केटातले व्यापारी घरी काम देतात. पहिल्यांदा एका शेठचे पैसे आले ते दहा टक्के कमी. विचारलं तर त्यांचा मुनीम म्हणाला, "काप्या छे, बेन." आता ऐक आणि हस. मी डिझाइन उघडून त्यात खोट शोधायला बसले. बुट्ट्यांचा जोड कुठे चुकला, किनार कुठे सरकली. काही म्हणता काही सापडलं नाही, तरी पदराचा एक कोपरा नव्यानं काढून पाठवला, वर सॉरीही लिहिलं. शेठला कळेना, ही बाई माफी कशाची मागतेय! पण लिंबायतच्या आपल्या गल्लीत वाढलेल्या पोरीला 'कापले' ह्या शब्दाचा एकच अर्थ ठाऊक होता. माल डॅमेज झाला.

आपल्या स्वयंपाकघरातच तुझा कारखाना होता. एका बाजूला स्टोव्ह, दुसऱ्या बाजूला पसरलेली साडी, आणि तू वाकून तिच्यावर टिकल्या चिकटवते आहेस. भाकरीलाही गमचा वास येतो. टिकल्यांच्या कामाच्या साड्या आणून देणारा पार्सलवाला भाऊ येतो, झालेल्या साड्या उलगडतो, एका पदरावरचा पिवळा डाग बोटानं दाखवतो. "हळदर छे, बेन. डॅमेज," म्हणतो आणि तुझ्या मजुरीतून पैसे कापतो. मी मध्येच तोंड घालते, डाग आधीपासूनच होता, मी पाहिला होता. तू माझ्या दंडाला असा चिमटा काढतेस की डोळ्यांत पाणी येतं. तो गेल्यावर म्हणालीस, "त्याले काय इचारस तू? उद्या पार्सल नही उनं तं काय खासूत?" मी म्हटलं, "पन डाग आपला नव्हता ना." "माले माहीत शे," तू म्हणालीस आणि तवा चढवलास.

त्या 'माले माहीत शे'चा मला फार वर्षं राग होता. माहीत नसतं तर गोष्ट वेगळी. माहीत असून गप्प बसायचं म्हणजे काय? तू गेलीस तेव्हाही तो राग माझ्याजवळ होता, आणि त्याच पार्सलांच्या पैशातून तू मला कॉम्प्युटरचा क्लास लावला होतास, हेही मला माहीत होतं. मी तुला भित्री समजत होते, माय.

मग एका मैत्रिणीनं मला टॅक्सचं काम बघणाऱ्या बाईंकडे नेलं. मी विचारलं, हा दंड माफ होईल का? त्या हसल्या. "दंड नथी, बेन. तमारो ज टॅक्स छे, पहेलेथी भरायो. रिटर्न भरो, वधारे होय ते पाछो मळे." दंड नव्हे, आपलाच पैसा आधी भरून ठेवलेला; रिटर्न भरलं की जास्तीचा परत. मला दोनदा समजावून घ्यावं लागलं. पण माझं सगळ्यात जास्त काम ज्या शेठकडे होतं, त्यांनी कापलेला टॅक्स माझ्या नावावर दिसतच नव्हता. त्यांच्या ऑफिसात माझा पॅन नंबर चुकीचा टाकला होता, आणि तो दुरुस्त करणार तेच. म्हणजे शेठला फोन करून विचारायचं. ते बिघडले तर? मार्केटात डिझाइन काढणारे पायलीचे पन्नास.

मी रोज फोन उचलायची आणि ठेवायची. एकदा लावलाच, तेव्हा मनात म्हणत होते, उचलू नये त्यांनी. त्यांनी उचलला. "शेठ, टॅक्स तमे काप्यो, पण मारा नामे देखातो नथी. पॅन नंबरमां भूल छे." तर शेठ म्हणतात कसे, "अरे बेन, पहेलां केवाय ने!" आधी सांगायचं ना! तिथूनच मुनीमाला हाक मारली. नंबर सुधारला, मी रिटर्न भरलं, पैसे आले. शेठनं कामही थांबवलं नाही.

मला आनंद व्हायला हवा होता, पण त्या दिवशी फोन ठेवून मी रडले. एवढंच होतं तर तू का नाही विचारलंस, असं आलं मनात, आणि लगेच लाज वाटली. माझ्या कापलेल्या पैशाला कायदा होता, नंबर होता. तुझ्या टिकल्यांची कुठे नोंद होती? तुझा एकच पार्सलवाला आणि आम्ही तीन पोरं.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार, तेव्हा इथे कुणाला न सांगितलेलं सांगून टाकते. बहिणी म्हणतात, तू शेठला बरं धाडसानं विचारलंस. मी मान हलवते. पण तो फोन लावण्याआधी मी गुपचूप आणखी दोन व्यापाऱ्यांकडे जाऊन काम पक्कं करून आले होते, माय.