ला सेनिसाच्या वाटेवरील कोरडे तळे आणि दोन जादा खेचरे

प्रति,
मा. परवाना अधिकारी,
वन व पुरावशेष उपविभागीय कार्यालय,
सान इलारिओ, पेतेन, ग्वातेमाला.

विषय : ला सेनिसा अवशेषांच्या पाच दिवसांच्या पायी सहलीस चारऐवजी सहा खेचरांसह परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : माझे अर्ज दि. २४ मार्च व ३ एप्रिल. आपल्या कार्यालयाचे खुलासा मागणारे पत्र दि. ४ एप्रिल.

महोदय,

१. मी सान इलारिओच्या वाटाड्या मंडळाची नियोजक आहे. माझे शिक्षण जीवशास्त्राचे आहे. पवित्र सप्ताहाच्या सुट्टीत राजधानीतील सहा शिक्षक ला सेनिसाचे अवशेष पाहण्यासाठी शनिवार दि. १२ एप्रिल रोजी निघणार आहेत. जाण्यास दोन दिवस, मुक्काम एक दिवस, परतीस दोन दिवस. सोबत वाटाड्या म्हणून माझे काका फिदेंसिओ चायाश, एक स्वयंपाकीण आणि मी.

२. पहिल्या रात्रीचा तळ हरणतळ्याकाठी असतो. दि. २२ मार्च रोजी मी तेथे जाऊन पाच ठिकाणी काठीने खोली मोजली. पाचही ठिकाणी शून्य आली. अर्जातील 'पाण्याची खोली' या रकान्यात मी शून्य लिहिले आणि सर्व पाणी गावातून न्यावे लागणार असल्याने खेचरे सहा लिहिली.

३. ही माझी चूक होती, असे मला नंतर सांगण्यात आले. काका म्हणाले, "पोरी, एवढं शिकलीस ते तळ्यात काठ्या घालायला? आम्ही जन्मभर 'पाणी आहे' लिहिलं आणि पाणी सोबत नेलं." नियमात बसतात तेवढी चारच खेचरे लिहायची, उरलेली दोन दोरीला न बांधता मागून मोकळी येऊ द्यायची, म्हणजे ती मोजली जात नाहीत, अशी आमच्याकडील रीत आहे. मला ती ठाऊक होती. लेखी अर्जात ती चालेल असे मला वाटले नाही. आता कागदावर सहाचा आकडा असल्याने मोकळी खेचरेही मोजली जातील.

४. आपल्या कार्यालयाने कळवले की पाणी नसलेल्या जागी तळ टाकता येत नाही, सबब वाट बंद. तळे कोरडे असल्याची खात्री करण्यासाठी पाहणी व्हावी, अशी मी विनंती केली. त्यावर सांगण्यात आले की पाहणी अधिकाऱ्यासही रात्री पाणी असलेल्या जागीच मुक्काम करता येतो, त्यामुळे पाहणी पावसाळ्यात होईल. पावसाळ्यात तळे भरलेले असेल, हे मी नम्रपणे निदर्शनास आणले. त्याची पोच मिळाली.

५. आपले लिपिक श्री. ओबदुलिओ यांनी सहानुभूतीने सुचवले, "बाई, शून्य कशाला लिहिलंत? दोन लिहा. दोन सेंटिमीटरला कोण विचारतंय?" मी दोन रात्री विचार केला आणि दि. ३ एप्रिलच्या अर्जात दोन सेंटिमीटर लिहिले. दि. ४ एप्रिलचे आपले पत्र असे आहे : पाऊस झालेला नसताना तळ्यातील पाणी कसे वाढले, याचा शास्त्रीय खुलासा सात दिवसांत सादर करावा, तसेच पाणी उपलब्ध असल्याने सहा खेचरांचे कारण उरत नाही. मी खुलासा लिहायला बसले. मला तो लिहिता आला नाही.

६. हिशेब असा आहे. नऊ माणसांना रोज चार लिटरप्रमाणे पाच दिवसांचे १८० लिटर. खेचरे वाटेत रामोनच्या झाडाचा ओला पाला खातात, म्हणून त्यांना रोज पाचच लिटर धरले आहे. एक खेचर शिध्याखेरीज ७० लिटर नेते. चार खेचरांत २८० लिटर जातात आणि माणसे व जनावरे मिळून तेवढेच पितात. सहा खेचरे नेल्यास ९० लिटर उरतात.

७. हे ९० लिटर अवशेषांच्या ठाण्यावर परवाने तपासणाऱ्या पहारेकऱ्यासाठी आहेत. तेथे दुसरे पाणी नाही. पावसाच्या पाण्याची टाकी फेब्रुवारीत संपते आणि त्यानंतर प्रत्येक सहल त्याचे पाणी पोहोचवते. यंदा मार्चपासून एकही सहल गेलेली नाही. त्याचा जोडीदार तापाने गावी परतला आहे, आणि बदली माणूस सहलीसोबतच जातो; त्याचे पाणीही या ९० लिटरांतच धरले आहे. पहारेकरी एवेलिओ चायाश माझा धाकटा भाऊ आहे. हे नाते लपवले असे होऊ नये, एवढ्यासाठीच नमूद करते.

८. दि. ५ रोजी सकाळी तो बिनतारी संचावर म्हणाला, "ताई, अडतीस लिटर आहे. बादलीनं दोनदा मोजलंय, तेव्हा ओरडू नकोस." रोज चार लिटर धरल्यास ते १४ तारखेच्या दुपारी संपेल. दोन दिवसांची वाट या उन्हात पाण्याशिवाय उतरणे शक्य नाही, आणि बदली आल्याशिवाय तो ठाणे सोडणार नाही.

९. काकांनी संच माझ्या हातातून घेतला. "मी शनिवारी दोन खेचरं घेऊन येतोय. परवाना गेला खड्ड्यात."
"काका, परवाना आणा. नाहीतर मला तुम्हाला ठाण्यावरून परत पाठवावं लागेल."
"अरे गाढवा, पाणी तुझ्यासाठीच आहे!"
"पाणी माझ्यासाठी असलं तरी खेचरं तुमची आहेत. बिनपरवाना खेचर आत सोडलं तर माझी नोकरी जाईल, तुमचा बिल्ला जाईल."
काका त्याला बरेच काही बोलले, ते येथे लिहीत नाही. एवेलिओने सगळे ऐकून घेतले आणि "कळलं, काका," एवढेच म्हणून संच बंद केला. तो बोलल्याप्रमाणे वागतो. त्या वाटेवर ठाणे एकच आहे आणि त्यावर माणूसही तो एकटाच आहे.

१०. म्हणून माझी विनंती आहे की दि. ११ पूर्वी सहा खेचरांना परवानगी द्यावी. ती देता येत नसेल तर शिक्षकांना मी येऊ नका असे कळवीन, आणि खुलासा न दिल्याबद्दल जी कारवाई होईल ती मान्य करीन. काका मात्र शनिवारी निघतील. त्यांना मी थांबवू शकत नाही, आणि थांबवण्याचा प्रयत्नही करणार नाही. अशा वेळी आपल्या सहीने ठाण्यावर एका ओळीचा आदेश जावा : बिनपरवाना माणूस व खेचरे नियमाप्रमाणे परत पाठवावीत, परंतु त्यापूर्वी पाणी उतरवून घ्यावे. एवेलिओ माझे ऐकणार नाही. आपले ऐकेल.

उत्तराची वाट पाहणारी,
नोएमी चायाश
सान इलारिओ, दि. ७ एप्रिल २०२५

सोबत :
(१) तळ्याच्या पाच मोजमापांची नोंद.
(२) पाण्याच्या हिशेबाचा तक्ता.
(३) शास्त्रीय खुलाशाचा कोरा नमुना, माझ्या सहीसह.