माळावरचे तापलेले दगड

१२ एप्रिल, रवि.
काकूंकडे आमच्या वन्यजीव गटाची बैठक. डॉक्टरकाकांना जाऊन वर्ष झालं. त्यांच्या आठवणीसाठी काकू गटाला अंधारात प्राणी बघायचं एक यंत्र घेऊन देणार आहेत. एकच. म्हणाल्या, वापरून बघा, मग घ्या, नुसतं जाहिरातीवर जाऊ नका.
थर्मल की नाइट व्हिजन, यावर दीड तास गेला. थर्मल अंगाची ऊब पकडतं. जनावर लांबूनही पांढरं होऊन दिसतं, पण नुसता आकार. नाइट व्हिजन आपल्याला न दिसणारा उजेड टाकतं आणि खरं चित्र दाखवतं, कान, मिशा, अंगावरची खूण. पण जवळचंच.
रेवती थर्मलच्या बाजूनं बोलली. लॅपटॉप आणला होता. जाधव सर मान डोलवत होते. मी नाइट व्हिजन म्हटलं. खरं तर माझं काहीच ठरलं नव्हतं. तिनं नाइट व्हिजन म्हटलं असतं तर मी थर्मल म्हटलं असतं.
शेवटी ठरलं की दोन्ही यंत्रं पुण्याहून दोन आठवड्यांसाठी भाड्यानं आणायची. तपासून सांगायचं काम आम्हा दोघींवर.

१३ एप्रिल, सोम.
रात्रीच लिहायचं होतं, पण रागात लिहू नये म्हणून थांबले. आता शाळेतून आले, तरी राग तसाच.
रेवती सत्तावीस वर्षांची. पुण्याच्या कंपनीचं काम घरून करते. वडिलांना अर्धांगवायू झाला म्हणून डिसेंबरात सोलापूरला परत आली. म्हणजे गटात चार महिने. मी अकरा वर्षं दर रविवारी नान्नजच्या पुढच्या माळावर जातेय, लांडग्यांसाठी. बिरूमामांच्या मेंढरांमागं चालत शिकले. पावलाचा ठसा कुत्र्याचा की लांडग्याचा, ते मामांनी शिकवलं.
मामा मला अजून "बाई" म्हणतात. शाळेतली बाई, म्हणून बाई. तिला "रेवा". चार महिन्यांत.
लहान मुलीसारखं वाटतंय हे लिहिताना. वय पन्नासला टेकलं.

१५ एप्रिल, बुध.
मामांचा फोन. मेंढरांच्या वाड्यावर परत हल्ला, महिन्यातला तिसरा. चार मेंढरं मारली, खाल्लं एकही नाही. मामांचं म्हणणं, हे लांडग्याचं काम न्हाय. लांडगा एक उचलतो आणि जातो. ही कचरा डेपोवरची माजलेली कुत्री. पण त्यांचा मेहुणा धोंडिबा ऐकत नाही. त्याचीही शेरडं तिथंच असतात. मेलेल्या मेंढरात औषध घालून टाकतो म्हणतोय. मामांनी पंधरा दिवस थांबवलंय.
"कोन येतंय ते डोळ्यानं दावा त्येला, मग गप बसंल," असं मामा म्हणाले.
म्हणजे यंत्र आता गंमत राहिलेलं नाही.
फोन ठेवताना म्हणाले, रेवालाबी सांगितलंया. तिला आधी, हे मी विचारून घेतलं. विचारायला नको होतं.

१८ एप्रिल, शनि.
यंत्रं आली. रेवती घेऊन आमच्याकडं आली, गच्चीवर बघितली.
थर्मलमधून शेजाऱ्यांची मांजर टाकीमागं असूनही शेपटीनं सापडली. आमचे हे, म्हणजे अरुण, जिन्यातून वर आले तेव्हा त्यांनी कठड्यावर टेकलेल्या हाताचा ठसा हात काढल्यावरही काही क्षण दिसत राहिला. हे बघून ते फारच खूश. गाडीच्या काचेतून मात्र थर्मलला काहीच दिसत नाही, काच खाली घ्यावी लागते. नाइट व्हिजनला मांजराचे डोळे, कानाचा फाटलेला कोपरा, सगळं. पण गल्लीच्या टोकापलीकडं काळोख.
रे. सगळं टिपून घेत होती. चहा पिताना म्हणाली, मॅडम, तुमच्या नोंदवह्या बघायला मिळतील का, अकरा वर्षांच्या? बघू म्हटलं. दिल्या नाहीत.
ती गेल्यावर अरुण म्हणाले, चांगली मुलगी आहे. मी भांडी जोरात आपटली असणार, कारण ते एकदम गप्प झाले.

२० एप्रिल, सोम.
काल पेपर तपासायचे होते म्हणून गेले नाही. रे. पहाटे साडेचारला मामांबरोबर थर्मल घेऊन गेली. सहाला तिचा फोन. ओढ्यापलीकडच्या टेकाडावर लांडगीण आणि पिल्लं. पाच.
मला तीनच माहीत होती. जानेवारीपासून बघतेय, तीन. ती पाच मोजून आली, पहिल्याच फेरीत, अर्धा किलोमीटरवरून.
छान, छान म्हटलं. आवाज कसा निघाला कोण जाणे. ती म्हणाली, मामा म्हणत होते, बाईंना दाखवायला पाहिजे होतं. मला दाखवायचं! मामांनी मला, तिच्या यंत्रातून.
दिवसभर चौथ्या-पाचव्या पिल्लाचाच विचार. मी कुठं बसले होते, वारा कुठून होता, का नाही दिसली.

२२ एप्रिल, बुध.
थर्मलचं माहितीपुस्तक वाचलं. सगळं. त्यात एक ओळ आहे की जमीन आणि जनावर सारखंच गरम असेल तर फरक दिसत नाही. पहाट उत्तम.
हे मला पुस्तकातून कळायची गरज नव्हती. एप्रिलमध्ये त्या माळावरचा दगड रात्री नऊपर्यंत पाठीला चटका देतो. मी बसलेय त्यावर.
गटापुढं प्रात्यक्षिक करायचं ठरलंय. वेळ ठरवायचं काम माझ्याकडं. जाधव सर पहाटे येतो म्हणाले होते. मी सगळ्यांना कळवलं, शनिवारी संध्याकाळी सात. काकूंना पहाटे जमणार नाही, असं कारण दिलं. काकूंना विचारलं नव्हतं.
रे.नं लगेच "चालेल" लिहिलं. तिचा सोलापुरातला हा पहिलाच उन्हाळा आहे, नोकरी लागल्यापासूनचा. आणि ती रात्री कधी माळावर बसलेली नाही.

२५ एप्रिल, शनि.
झालं.
दिवसभर बेचाळीस. सातलाही झळा. काकू, जाधव सर, गटातले आणखी चौघं, मामा, धोंडिबा.
थर्मल आधी. सगळं टेकाड पांढरं. दगड, बांध, वाळलेल्या गवतातली ढेकळं, सगळं सारखंच पेटल्यासारखं. रे. बटणं दाबत राहिली, रंग बदलत राहिली. मग म्हणाली, तो बघा, लांडगा, बसलाय. सगळ्यांनी पाळीपाळीनं बघितलं. धोंडिबा चालत तिथवर गेला आणि दगडावर पाय ठेवून उभा राहिला. हसला नाही, नुसता उभा राहिला. ते जास्त वाईट होतं.
मग माझं. साठ पावलांवर ससा, मिशांसकट. काकूंनी बघून "अगं बाई" म्हटलं. एक रातवा पक्षी जमिनीवर बसलेला, पापणी मिटताना दिसला. सगळ्यांनी तिथंच ठरवलं, नाइट व्हिजन.
रे. यंत्र पेटीत ठेवत होती. मान खाली. मला वाटलं होतं मला आनंद होईल. झाला. अर्धा तास नक्की झाला.
गाडीकडं जाताना मामा माझ्याबरोबर चालले. हळू बोलले, फक्त मला.
"बाई, ह्या वख्ताला दगडं तापल्याली अस्त्यात. तुमास्नी म्हाईत हाय की."
ते मेंढरांकडं वळले.

२९ एप्रिल, बुध.
थर्मल परत गेलं. आपलं यंत्र आलं. पेटीवर काकांचं नाव चिकटवायचं काकूंनी सांगितलंय. अजून चिकटवलेलं नाही, चिकटत नाही त्या खरबरीत पृष्ठभागावर.
अरुणना सांगितलं, पण अर्धंच. दगड गरम होते म्हणून थर्मल चाललं नाही, एवढं. ते म्हणाले, मग पहाटे परत बघायचं होतं. इतकं साधं.

३ मे, रवि.
शुक्रवार, शनिवार दोन्ही रात्री वाड्याशेजारी बसले. मामा, धोंडिबा आणि मी. काल मेंढरं अचानक उठून एका कोपऱ्यात दाटली. यंत्र लावलं. शंभर पावलांच्या पलीकडं नुसते डोळे. दोन, मग चार, मग सहा. उजेड तिथवर पोचतच नाही. अंग नाही, शेपूट नाही, कान नाहीत. आम्ही आहोत म्हटल्यावर जवळ कशाला येतील?
धोंडिबाला दिलं. त्यानं बघितलं आणि परत दिलं. "डोळं तर माज्या कुत्र्याचंबी चमकत्यात, बाई. ह्यात काय कळायचं?"
बरोबर आहे त्याचं. थर्मल असतं तर चाल तरी कळली असती, कुठून आले, कुठं गेले. शेवटपर्यंत माग काढता आला असता. डेपोकडं गेले असते तर कुत्रीच, हे दिसलं असतं.
पंधरा दिवस तर होऊनही गेले.

५ मे, मंगळ.
नवी पेठेत रे. भेटली. वडिलांसाठी मऊ सुती कापड घेत होती, पाठीला जखमा होतायत म्हणाली. मी टाळून पुढं जाणार होते, तिनंच हाक मारली.
म्हणाली, तुम्हाला फोन करायला धीर होत नव्हता. घरी जाऊन सगळं परत वाचलं. "चूक माझीच होती, मॅडम. संध्याकाळ चालणार नाही हे मला आधी कळायला पाहिजे होतं. उगाच सगळ्यांचा वेळ घालवला."
गर्दीत उभी होते. रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. तेवढं निमित्त पुरलं. "अगं, होतं असं," म्हणाले.
होतं असं.
नंतर दुकानात काय घ्यायला आले होते तेच आठवेना.

८ मे, शुक्र.
सकाळी सातला मामांचा फोन. ओढ्यात तीन मेलेली. दोन कुत्री. एक लांडगीण.
लगेच गेले. तीच. डाव्या कानाला खाच. चार वर्षं ओळखते. तोंडाला फेस, पुढचे पाय पोटाशी. कुत्र्यांच्या गळ्यात पट्ट्याचे जुने वण. म्हणजे दोघंही येत होते त्या मढ्यावर, मारणारे कोणीही असोत. औषध कुणी घातलं ते कुणी सांगत नाही. धोंडिबा आला नाही. वनखात्याची गाडी येऊन पंचनामा करून गेली.
मामा दगडावर बसले होते. मी शेजारी बसले.
"पिल्लं चार म्हयन्याची असत्याल," म्हणाले. "बाप आनंल कायबाय. पन त्येंनीबी खाल्लं आसलं तर…"
टेकाडावर गवत कमरेएवढं आणि खाली करवंदीच्या जाळ्या. पिल्लं त्यात पडली असतील, दडली असतील, कशी बघायची? आत माणसं घुसली तर असतील तीही पळतील. माझं यंत्र गवतापाशीच थांबतं.
रे.चं नाव मामांनी काढलं नाही. मीही नाही. दोघांच्याही मनात होतं.

९ मे, शनि.
रेवतीकडं गेले. विजापूर रोडला मागच्या गल्लीत घर. ती वडिलांना चमच्यानं भात भरवत होती. बस म्हणाली. बसले. भात संपेपर्यंत बोलले नाही, त्यांचं तोंड पुसून होईपर्यंत नाही. मग सांगितलं. लांडगीण गेली ते तिला मामांकडून कळलं होतं. पुढचं सांगितलं.
"वेळ मी मुद्दाम संध्याकाळची ठेवली. दगड तापलेले असतात हे मला माहीत होतं."
तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. चेहऱ्यावर दिसलं कळताना.
"का?" म्हणाली.
याचं उत्तर तयार करून गेले होते. ते आलं नाही. म्हटलं, तू पाच मोजलीस म्हणून.
तिनं चमचा वाटीत ठेवला. मग विचारलं, मामांना माहीत होतं?
हो म्हटलं. त्याच संध्याकाळी कळलं त्यांना.
हे तिला जास्त लागलं. माझ्याकडून कदाचित अपेक्षाच नव्हती, मामांकडून होती. डोळे भरले तेव्हा ती वडिलांकडं तोंड करून उशी नीट करत राहिली.
निघताना म्हणाली, थर्मल मी आणते परत, माझं मी. मंगळवारी पहाटे जाईन. तुम्ही येणार असाल तर वाड्यापाशी थांबा. टेकाडावर नको.
काकूंना आणि गटाला मीच लिहायचं, असं मी म्हटलं.

११ मे, सोम.
गटाला लिहिलं. चार ओळी. जाधव सरांचा फोन आला, उचलला नाही. काकूंनी एवढंच लिहिलं, "भेटायला ये." रागावल्या की काय, कळत नाही.
नोंदवह्या काढल्या, अकराच्या अकरा. पिशवीत भरल्या. उद्या रेवतीला देईन. घेईल का, माहीत नाही.

१२ मे, मंगळ.
वाड्यावर बसून लिहितेय, पावणेसहा. मामांच्या बायकोनं काळा चहा दिलाय. मेंढरं अजून बसलेली.
रेवती पाचला आली. पिशवी दिली तर म्हणाली, राहू दे आत्ता, गाडीत ठेवा. मामांशीही धड बोलली नाही. पण ते पुढं झाले आणि ती त्यांच्या मागनं गेली. आता दोघं टेकाडाच्या अलीकडच्या बांधावर दिसतात. मामा बसलेत, ती उभी. यंत्र डोळ्याला.
गार वारा आहे. दगड गार आहेत, हात लावून बघितला.
मघापासून तिनं यंत्र एकदाही खाली घेतलेलं नाही. डावीकडून उजवीकडं नेत होती, आता एका जागी थांबलीय. मामा उठले. ती त्यांना बोटानं काहीतरी दाखवतेय आणि ते वाकून बघतायत, तिच्या खांद्यावर हात ठेवून.
पिल्लं जिवंत असू देत. पाचच्या पाच. हे मनापासून लिहितेय.
आणि तो खांद्यावरचा हात बघवत नाही, हेही तितकंच मनापासून.
मामांची बायको विचारतेय, काय दिसलं ओ बाई त्येन्ला? मला इथून काय कळणार. हाक मारावी असं वाटतंय. पण ते परत येईपर्यंत तीही नको, पिल्लं असतील तर बुजतील.