बाजूच्या सीटचं वजन

ती. दादांस,

साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? वहिनींचा खोकला थांबला असेल, अशी आशा आहे. आम्ही इकडे खुशाल आहोत (आम्ही म्हणजे मी आणि गाडी, घरातलं तिसरं माणूस सध्या कुठे आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे).

तुमच्या बहिणीने आल्या आल्या माझ्या चुकांचा पाढा वाचला असेल. आता माझीही बाजू ऐका. माझी जुनी गाडी तुम्ही पाहिली आहे. लांबलचक नाक, पोटात दांडगं इंजिन, सरळ रस्त्यावर नुसता वारा. पण वळण आलं की तिचा माझ्याशी काही संबंध उरायचा नाही. मी स्टिअरिंग फिरवायचो, गाडी विचार करत बसायची आणि तोवर तुमची बहीण माझ्या अंगावर येऊन पडलेली असायची. (लग्नानंतरची काही वर्षं मला हा दोष वाटलाच नाही.)

मग मी जुन्या गाड्यांच्या मंडळात शिरलो. तिथे गाडी कुणी चालवत नाही, सगळे बॉनेट उघडून उभे राहतात आणि एकमेकांना खर्चात पाडतात. त्यांनी स्प्रिंगा बदलायला लावल्या. नव्या स्प्रिंगांपुढे शॉकअब्सॉर्बर शोभेनात, तेही बदलले. मग रबरी बुश, मग गाडीचं कलणं रोखणारा दांडा, मग टायर. शेवटी त्या गाडीत जुना असा मीच उरलो. आता ती वळणावर तसूभरही कलत नाही. मात्र रस्त्यात पडलेलं बटण चाकाखाली आलं, तर त्याला भोकं किती हे कंबरेला कळतं.

शेवटचं काम राहिलं होतं, चारही चाकांवरचा भार जुळवण्याचं. त्यासाठी गाडीत नेहमी बसणाऱ्यांच्या वजनाइतक्या वाळूच्या पिशव्या सीटवर ठेवतात. मेकॅनिकने बाईंचं वजन विचारलं. बाई गॅरेजच्या दारात खुर्चीवर बसल्या होत्या (त्या वजन डॉक्टरांनासुद्धा सांगत नाहीत). इंजिन धडधडत होतं, म्हणून मी आकडा ओरडून सांगितला आणि नेमकं तेव्हाच त्या गृहस्थाने इंजिन बंद केलं. आकडा अंदाजाचाच होता. त्यात, मंडळाच्या शिकवणीप्रमाणे, सुरक्षितता म्हणून मी थोडी भर घातली होती.

ती उठली, शांतपणे म्हणाली, “आता त्या वाळूलाच घरी घेऊन जा,” आणि टॅक्सी करून तुमच्याकडे आली.

दादा, मी वाळू घरी आणली. भार तिच्यावरच जुळवलाय, ती काढली की गाडी एका अंगाला झुकते. पिशवी गुणी आहे, वळणावर किंचाळत नाही, “हळू” म्हणत नाही. पण मला करमत नाही हो. काल सिग्नलला मी तिला खिडकी खाली करू का म्हणून विचारलं. घर खायला उठतं. मी चुकलो, तुमच्या बहिणीला पाठवून द्या.

आपला,
मेहुणा

ता. क. : इथपर्यंतचं तिला मोठ्याने वाचून दाखवा. पुढचं दाखवू नका.

ता. क. दुसरा : तुमच्याकडे वजनकाटा आहे ना? काहीतरी निमित्त काढून तिला त्यावर उभी करा आणि खरा आकडा कळवा. भार पुन्हा नीट जुळवायला मेकॅनिक थांबलाय.

ता. क. तिसरा : आकडा मी सांगितला त्याहून कमी निघाला, तर आधी तिला सांगा. जास्त निघाला, तर कुणालाच सांगू नका, मलासुद्धा नको. मी गाडी कलती चालवीन.